पावणेचौदाचा दस्ता

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि सोलापुरात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, बंदूकदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं घेत होते. हे आता कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. ब्लाउजची मापं म्हणायचंय का, असं विचारतो. ब्लाउजचीही घेत होते. मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे होते. पण पुढच्या खोलीत मी मापं घ्यायची ती दस्त्यांसाठी. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग. त्याचं मागचं टोक खांद्याला लागतं, वरच्या कडेवर गाल टेकतो आणि मधली निमुळती मूठ हातात धरतात.

अप्पा तरुणपणी एका लहान संस्थानाच्या शस्त्रागारात कामाला होते. संस्थानं गेली तसे ते सोलापुरात आले आणि दुरुस्तीचा परवाना काढून दुकान मांडलं. गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पिकाच्या राखणीसाठी परवाना घेतलेले बागाईतदार, सुटीच्या दिवशी जीप काढून काळविटांमागे जाणारे दोनतीन वकील-डॉक्टर, फौजेतून परत आलेले कुणी. तेव्हा शिकार उघड चालायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही, हे कबूल करते.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. माझी दोन स्थळं मोडली होती. त्यातच अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. लोखंडाचं काम ते बोटांनी चाचपून करायचे आणि त्यात चूक होत नसे. पण दस्ता माणसाला बसतो की नाही हे बोटांना कळत नाही. एक दिवस गिऱ्हाईक बंदूक घेऊन समोर उभं असताना त्यांनी मला मागच्या खोलीतून हाक मारली. आम्ही घरात कानडी बोलायचो. “नोडव्वा,” ते म्हणाले, “बघ गं, ह्यांचा गाल कुठं टेकतोय?”

मी बघितलं. गाल टेकतच नव्हता, बोटभर वर हवेत होता. ते गृहस्थ मान ताणून माशी शोधत होते. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक खुंट, ज्याच्यावरून नेम धरतात. मी म्हणाले, “बोटभर वर राहतोय.” अप्पांनी दस्त्याच्या कडेवर चामड्याची जाड पट्टी ठेवली. गृहस्थांनी पुन्हा बंदूक खांद्याला लावली आणि म्हणाले, “अरेच्चा, आपोआप दिसली की!”

तेव्हापासून ते काम माझं झालं. अप्पांनी एकेक गोष्ट सांगितली आणि मी ती डोळ्यांत साठवत गेले. गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचे, मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला आणायला सांगायची, गाल टेकला की डोळे उघडायला सांगायचं. उघडल्याबरोबर नळीवरच्या मागच्या खाचेत माशी दिसली तर दस्ता त्याचा. मान वाकडी करावी लागली, डोकं वर उचलावं लागलं, तर तो दस्ता दुसऱ्या कुणाचा तरी. रुंद छातीच्या माणसाला दस्ता किंचित बाहेरच्या अंगाला झुकलेला लागतो. लांब मानेच्या माणसाला गालाची कड खाली चालत नाही. मला हे चटकन कळायचं, कारण खांद्याचा उतार आणि मानेची ठेवण बघणं हेच माझं रोजचं काम होतं. पुरुषमाणसं पहिल्यांदा अवघडायची. मग त्यांना सवय झाली. एक निवृत्त सुभेदार तर माझ्यासमोर बंदूक धरूनच विचारायचे, “बोला बाई, पास का नापास?”

मी पास म्हणाले की अप्पा पुढं काही विचारत नसत. मला आयुष्यात कुणी एवढं मानलं नव्हतं.

दस्ते घडवायचं काम मात्र अप्पांच्यानं होईना. एक म्हातारे सुतार होते, ते गेले. मग अप्पांना कुणी तरी शहराच्या पूर्व भागातल्या एका माणसाचं नाव सुचवलं. तो तेलुगू विणकरांच्या घरातला. घरचे सगळे मागावर बसायचे आणि हा मागाचे धोटे करायचा. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारी लाकडी होडीच. तिला कुठं कुस राहिली तर धागा तुटतो. माणूस तिशीचा होता, सडपातळ, कमी बोलणारा. येताना स्वतःच्या हातचे दोन धोटे कागदात गुंडाळून घेऊन आला होता.

अप्पांनी एक धोटा हातात घेतला. टोकापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला. मग उलटा करून पुन्हा फिरवला. मी दारात उभी होते. मला त्या क्षणीच तो माणूस आवडला नाही.

पहिला दस्ता त्यानं महिन्याभरात केला. अक्रोडाचं लाकूड होतं. मुठीतून लाकडाच्या रेषा सरळ निघाल्या पाहिजेत, आडव्या गेल्या तर गोळीच्या धक्क्यानं मूठ तडकते, हे अप्पांनी त्याला एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लोखंड लाकडात बसवताना लोखंडाला दिव्याची काजळी लावायची, दाबून उचलायचं, लाकडावर जिथं काळं उमटेल तेवढंच खरवडायचं. असं शंभरदा करावं लागतं. जुने सुतार तिसाव्या खेपेला कंटाळायचे. हा कंटाळला नाही. शेवटी लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्डाची कडही जाईना. मग जवसाचं तेल तळहातानं चोळचोळून जिरवलं. लाकडातून आतून उजेड आल्यासारखं दिसायला लागलं.

तो दस्ता सुंदर होता. मी तो अर्धा तास बघितला आणि त्यात खोट सापडेना, तेव्हा मागच्या खोलीत जाऊन एक चांगला शिवलेला बाहीचा जोड उसवून काढला.

त्यानंतर रोज काही ना काही घडत गेलं. पहिल्यांदा तो अप्पांना मालक म्हणायचा. मग एक दिवस अप्पा म्हणाला. सगळेच त्यांना अप्पा म्हणायचे, वाणी, दूधवाला, सुभेदार. पण ह्याच्या तोंडून ऐकलं की मी हातातलं काम टाकून उठायची. अप्पांच्या पटाशा होत्या, संस्थानातल्या उस्तादांनी दिलेल्या. त्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचं काम मी दहाव्या वर्षापासून करत होते. मला त्या कधी लाकडाला लावू दिल्या नव्हत्या, ‘बोट कापशील’ म्हणून. त्या पटाशा अप्पांनी त्याला वापरायला दिल्या. संध्याकाळी तो त्या स्वतःच पुसून ठेवू लागला, माझ्यापेक्षा नीट. चहाला दोघं समोरासमोर बसायचे. अप्पा त्याला शस्त्रागारातल्या गोष्टी सांगायचे, ज्या मला पाठ होत्या. पण माझ्याकडे बघून त्या सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कधी आलं नव्हतं.

गिऱ्हाइकं यायची ती आता विचारायची, “तुमचा तो तेलुगू मिस्त्री आहे का?”

तरी एक गोष्ट माझी होती. दस्ता तो करायचा, पण बसतो की नाही हे मीच सांगायची. मी त्याच्या कामात चुका काढायला लागले. कधी खऱ्या असत, कधी अर्ध्याकच्च्या. “डावीकडं जड वाटतोय,” मी म्हणायची. तो “बरं अक्का” म्हणून दस्ता परत न्यायचा, घासून आणायचा. वाद घालायचा नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग एका डॉक्टरांच्या रायफलीच्या वेळी असं झालं. डॉक्टरांनी डोळे मिटून रायफल खांद्याला लावली. मी बघत होते. तो माझ्या मागं कडेला उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तो हळूच म्हणाला, “गाल खाली घसरतोय की. कड पुढं उंच, मागं उतरती झाली.”

आणि ते बरोबर होतं. मी तेच म्हणणार होते.

अप्पांनी मान वळवली. “तुला दिसतंय?”

“अक्का बघत्यात तसं बघून बघून,” तो म्हणाला, “थोडं थोडं दिसायलंय.”

अप्पा हसले. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्याच्या दिशेनं बघून ते मनापासून हसले. त्या दिवशी मी भाकरी थापताना दोन मोडल्या.

हे झालं आणि पंधरवड्यातच वळसंगचे एक शेतकरी आले. धिप्पाड गडी. लांब हात, लांब मान, छाती दाराएवढी. त्यांच्या वडिलांची जुनी विलायती रायफल होती, तिचा दस्ता मुठीजवळ चिरला होता. भुईमुगाच्या रानात डुकरांचा कळप शिरायचा आणि एका रात्रीत उकरून टाकायचा.

“ह्यो दस्ता मला कधीच बसला न्हाय बगा,” ते म्हणाले. “बा माजा बुटका व्हता. मी मिठी मारल्यावानी धरतोय तिला. नवा करून द्या, पर माज्या मापाचा.”

मिस्त्री त्या दिवशी घरच्या लग्नाला गेला होता. अप्पांनी मला बोलावलं. मी शिवणाची टेप घेतली. हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगितला. कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घेतलं. पावणेपंधरा इंच आलं. आमच्या दुकानात आजवर कुणाला एवढा लांब दस्ता लागला नव्हता. मी दोनदा मोजलं. पावणेपंधराच होतं.

आमच्याकडे मापं लिहायची एक वही होती. अप्पांच्या जुन्या पद्धतीनं तिच्यात आकडा लिहून पुढं उभ्या रेघांनी पाव, अर्धा, पाऊण दाखवायचा. मी वही उघडली आणि लिहिलं, १३॥।. पावणेचौदा.

हात चुकला असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. हात चुकला नव्हता. मला काय करायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. दस्ता लांब झाला तर कापता येतो, आखूड झाला तर लाकूड वाया जातं. मिस्त्री पावणेचौदाचा दस्ता करील. शेतकरी घ्यायला येतील. अप्पांसमोर मी त्यांना रायफल खांद्याला लावायला सांगीन आणि एका नजरेत म्हणेन, हा आखूड आहे, चांगला इंचभर आखूड आहे. मिस्त्रीला जे दिसलं नाही ते मला दिसलं, हे अप्पांना कळेल. वहीचं पुढं काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. हेव्यानं माणूस पुढचं बघत नाही. मी तर नाहीच बघितलं.

त्यानं तो दस्ता सगळ्यांत चांगला केला. मुठीवर बारीक चौकड्यांची नक्षी कोरली, हात घसरू नये म्हणून. मी रोज येताजाता बघत होते आणि एकदा तर वाटलं, आताच सांगावं. त्याच वेळी अप्पा आतून म्हणाले, “असा हात मी संस्थानातसुद्धा बघितला नाही.” मी मागच्या खोलीत निघून गेले.

दस्ता तयार व्हायच्या सुमाराला अक्कलकोटहून मावशीचा निरोप आला. मावसबहिणीचं लग्न होतं, सगळ्यांचे ब्लाउज शिवायला ये. मी म्हणाले, नंतर जाते. अप्पा म्हणाले, “इथं काय अडलंय तुझं? मिस्त्री आहे.” मी रागानं गेले. चार दिवस राहिले. परत आले तर रायफल दुकानात नव्हती.

“वळसंगवाले आले होते,” अप्पा म्हणाले. “घाईत होते. घेऊन गेले. खूश झाले.”

“बघितलं कुणी? बसला का?”

“मिस्त्रीनं बघितला. त्याला जरा आखूड वाटला. मी म्हटलं, माप माझ्या लेकीनं घेतलंय, तिचं माप चुकत नाही. तू शंका काढू नकोस.”

हे ते सहज बोलले आणि कानशीनं काही तरी घासायला लागले. मी हातातली पिशवी खाली ठेवली. जे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी गेलं वर्षभर जळत होते, ते मी तिथं नसताना, त्याच्यासमोर, ते बोलून गेले होते.

शेतकऱ्यांना गाठून सांगता आलं असतं. वळसंग काही लांब नाही, एसटीनं तासाभराचा रस्ता. मी गेले नाही. उभ्यानं बंदूक धरली तर इंचभरानं काही होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

पण रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून, पुढं वाकून नेम धरला की माणसाचा चेहरा पुढं सरकतो. पाचव्या दिवशी ते शेतकरी दुकानात आले. नाक सुजून वांग्यासारखं झालं होतं, वरचा ओठ फाटलेला आणि पुढचा एक दात अर्धा गेलेला. गोळी सुटली तशी रायफल मागं आली आणि त्यांच्याच उजव्या हाताचा अंगठा नाकातोंडावर बसला होता. दस्ता पुरेसा लांब असता तर अंगठा आणि नाक यांच्यामध्ये दोनतीन बोटं जागा राहिली असती.

ते ओरडले नाहीत. रायफल मेजावर ठेवली आणि फाटक्या ओठानं म्हणाले, “अप्पा, तुमच्यावर इस्वास व्हता की वो.”

अप्पा उभे राहिले. चाचपत पुढं आले, दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत वीत लावली. पुन्हा लावली. मग मला म्हणाले, “वही आण. ह्यांचं माप वाच.”

मी वही आणली. पान उघडलं. मिस्त्री तीन हातांवर उभा होता. मी वहीत बघितलं, तिथं १३॥। होतं, माझ्याच अक्षरात. मी वाचलं, “पावणेपंधरा.”

अप्पा मिस्त्रीकडे वळले. “ऐकलंस?”

तो माझ्याकडे बघत होता. त्यानं ते पान कितीदा उघडलं असेल. प्रत्येक वेळी करवत लावण्याआधी तो वही बघायचा. त्याला ते रेघांचं लिहिणं चांगलं वाचता यायचं. मला वाटलं, आता वही माझ्या हातातून ओढून घेईल. माझी बोटं पानावर घट्ट झाली होती.

“माझ्याकडून झालं असंल की,” तो म्हणाला.

“असंल म्हणजे?” अप्पांचा आवाज चढला. मी तो तसा चढलेला फार कमी वेळा ऐकला होता. “माणसाचा दात गेला. एवढं चांगलं लाकूड आणि एवढी मोठी चूक? ह्यापुढं माप दोनदा वाचून दाखवल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही. अक्काला वाचून दाखवायचं.”

तो “बरं” म्हणाला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घटकाभर वाटलंही, हे लपवत नाही.

आता त्या दस्त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. शेतकरी म्हणाले, वापस घेऊन जातो, कुठं तरी दुसरीकडं बघतो. मिस्त्री म्हणाला, आठ दिवस द्या. त्यानं दस्त्याच्या मागच्या टोकाला काळ्या शिसवीचा एक थर चढवला आणि त्याच्यामागं म्हशीच्या शिंगाची जाड पाटी बसवली. शिंग ऊन करून, दाबून, सपाट करून, घासून आरशासारखं केलं. तांबूस अक्रोड, मग काळी शिसवी, मग करड्या धारांचं शिंग. जोड कुठं आहे तो नखाला लागत नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, मुळातच असा योजला होता. लांबी बरोबर पावणेपंधरा.

शेतकरी आले. ह्या वेळी मी तिथं होते. त्यांनी आधी उभ्यानं, मग उकिडवं बसून, मग पुढं वाकून रायफल धरली. नाक आणि अंगठ्यात तीन बोटं जागा होती. गाल जिथं टेकायचा तिथं टेकत होता. अप्पांनी विचारलं, “काय गं?”

“बसला,” मी म्हणाले.

“आता बसला!” शेतकरी म्हणाले. “आन दिसतोय बी लई झ्याक. दात गेला त्यो गेला.”

माझ्या खोटेपणाचा असा परिणाम होईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेतकऱ्यांनी ती रायफल पाहुण्यारावळ्यांना दाखवली. महिन्याभरात सांगोल्याकडचे एक बागाईतदार आले, त्यांना शिंगाच्या टोकाचा दस्ता हवा होता. मग टेंभुर्णीचे कुणी. मग सुभेदार, ज्यांच्या दस्त्याला काहीच झालं नव्हतं. मिस्त्रीनं सात-आठ दस्ते तसे केले. मी त्याला पाडायला गेले आणि त्याला सगळ्या जिल्ह्यात ओळख मिळाली. मी मागच्या खोलीत मशीन चालवायची आणि पुढून त्याचं कौतुक ऐकू यायचं. पायट्यावर पाय इतका जोरात पडायचा की सुई मोडायची.

पण अप्पांनी एक सवय लावून घेतली होती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते शिंगाच्या दस्त्याची गोष्ट सांगायचे. “हा पहिल्यांदा चुकला होता बरं का. माप पावणेपंधरा, ह्यानं केला पावणेचौदा. माणसाचा दात पाडला. पण चूक कशी सुधारावी ते ह्याच्याकडून शिकावं.” ते कौतुकानंच सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. मिस्त्री मान खाली घालून लाकूड घासत राहायचा. दर वेळी त्याचा हात त्या वाक्याला एकदा थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. मी ते बघायची. माझं कामच बघण्याचं होतं.

पहिल्या दोनचार वेळा मला ते गोड लागलं. मग लागेना. मग असं झालं की गिऱ्हाईक दारात दिसलं की मी मुद्दाम मशीन जोरात चालवायची, आता अप्पा सुरू करणार म्हणून.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी एक मास्तर आले. शाळेच्या छात्रांना नेमबाजी शिकवायचे. अप्पांनी गोष्ट सुरू केली, “हा पहिल्यांदा चुकला होता बरं का,” आणि मी मशीन थांबवून पुढं आले.

“तो नाही चुकला,” मी म्हणाले. “मी चुकीचं लिहिलं होतं. मुद्दाम.”

मास्तर कावरेबावरे झाले. “मी उद्या येतो,” म्हणून निघून गेले. दुकानात तिघंच राहिलो.

अप्पांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, “पण तू पावणेपंधरा वाचलंस.”

“खोटं वाचलं.”

“का?”

माझ्या तोंडून कानडीत एवढंच निघालं की तुम्ही त्याला पटाशा दिल्या. पंचवीस वर्षांची बाई लहान पोरीसारखी हे म्हणाली आणि रडायला लागली.

अप्पांनी मिस्त्रीकडे तोंड केलं. “तुला माहीत होतं?”

“वही मी बघितली होती की.”

“मग त्या दिवशी का बोलला नाहीस?”

“बोलून काय?” तो म्हणाला. “तुम्हाला दिसत नाही. तुम्ही कुणाचं ऐकणार, माझं का तुमच्या पोरीचं?”

अप्पांना ते लागलं. त्यांनी खुर्ची चाचपली आणि बसले. मी मिस्त्रीला म्हणाले, “मला माफ करा.” तो माझ्याकडे न बघता पटाशी फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, “अक्का, मला लई राग हाय. मी खोटं नाही बोलणार. त्या माणसाच्या तोंडाला लागलं. माझ्या हातानं केलेल्या वस्तूनं लागलं. ते मला रोज आठवतंय.”

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला वळसंगला पाठवलं. स्वतः बरोबर आले नाहीत. मी एकटी एसटीनं गेले आणि शेतकऱ्यांच्या अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. त्यांची बायको ओट्यावर शेंगा फोडत होती. ती ऐकून हात थांबवून बघतच राहिली. शेतकरी अर्ध्या दाताच्या फटीतून म्हणाले, “आता काय बोलावं पोरी तुला?” आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. तो पिऊन मी परत आले.

त्यानंतर मापं घ्यायचं काम अप्पांनी माझ्याकडून काढून घेतलं. मिस्त्री स्वतः मापं घेऊ लागला, लिहू लागला आणि बसतं की नाही तेही बघू लागला. मी सबंध दिवस मागच्या खोलीत. अप्पा माझ्याशी गरजेपुरतं बोलायचे. पावसाळा ओढला, मग दुष्काळ पडला, रानात पीकच नाही तर राखण कशाची करायची. शिकारीचा कायदा कडक झाला. वकील-डॉक्टरांच्या जीपा थांबल्या. दस्त्यांचं काम आटत गेलं. मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येऊ लागला, बाकीचे दिवस त्याचे धोटे.

अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मापांची ती जुनी वही काढली, ते पान शोधलं, वाचलं आणि वही मिटली. मी भांडी घासत बघत होते. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “तिखट कमी टाक गं, डॉक्टरांनी सांगितलंय.” कित्येक महिन्यांनंतर त्यांनी मला काही तरी आपणहून सांगितलं होतं.

मिस्त्रीनं आमच्याकडे शेवटचा दस्ता केला तो एका डावखुऱ्या माणसासाठी. डाव्या खांद्याला सगळंच उलटं. झुकाव उलटा, मूठ उलटी. गिऱ्हाईक तीनदा येऊन गेलं, तीनदा दस्ता घासला, तरी त्यांना मान वाकडी करावी लागत होती. अप्पांनाही नव्या चष्म्यातून कळेना. चौथ्या खेपेला मिस्त्री मागच्या खोलीच्या दारात आला. वर्षभरात तो त्या दारात आला नव्हता.

“अक्का, जरा बघता का?”

मी हातातलं शिवण ठेवून पुढं गेले. गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावले. रायफल खांद्याला आली, गाल टेकला, डोळे उघडले. मी एकदा समोरून बघितलं, एकदा मागून.

“गाल ठीक आहे,” मी म्हणाले. “खांद्याला लागणारं टोक खालच्या बाजूनं छातीत रुततंय. म्हणून ते मान वाकवतात. खालचा कोपरा आतल्या अंगानं अर्धं सूत काढा.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

त्यानं दस्ता मेजावर धरला, पटाशी घेतली आणि एका ओढीत कोपऱ्यावरून पातळ सालपट काढलं. गिऱ्हाइकानं रायफल पुन्हा खांद्याला लावली. मान सरळ होती.

“अर्धं सूतच होतं,” मिस्त्री अप्पांना म्हणाला. मला काही म्हणाला नाही.

मी मागं वळले. ते सालपट जमिनीवर पडलं होतं, एकसारखं, कुठंही न तुटता गोल वळलेलं. माझ्या हाताला ते जन्मात जमलं नसतं. मला तेव्हाही त्याचा हेवा वाटला, पहिल्या दिवशी वाटला होता तेवढाच. मी मशीनवर बसले आणि अर्धी राहिलेली बाही पुरी केली.